चाळीस बरण्या आणि सासूबाईंचा खोकला

रविवार, ९ नोव्हेंबर १९८६. सकाळी ८.

आजपासून रोजनिशी. संशोधकाला रोजनिशी पाहिजेच. चहा झाला. सिगारेट एकच.

विषय मिळाला, तोही घरबसल्या. दहिसरला नलूचं माहेर. भैरववाडी. वाडीच्या पाठीला शिवदास शेठचा खडीचा क्रशर. सकाळी सातला धडधड सुरू, संध्याकाळी सहाला बंद. मधल्या वेळात वाडीतले कावळेसुद्धा पांढरे दिसतात. गिरणी संपात बुडाल्यापासून सासरे गावी आंब्याची कलमं बघतात. सासूबाई इथेच असतात आणि खोकतात. दोन वर्षं झाली.

क्रशरचं लायसन ३१ मार्चला संपतंय. वाडीतल्या बायकांनी अर्जांवर अर्ज केले. सरकारी उत्तर आलं की रडगाणी पुष्कळ झाली, आकडे आणा, मार्चमध्ये सुनावणी आहे. बायका नलूकडे आल्या. तुझा नवरा अंधेरीच्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो ना गं?

मी जागच्या जागी सांगून टाकलं. धूळ किती, दम किती, दोघांचा संबंध किती. तीन महिन्यांत सिद्ध करतो. क्रशर हलला म्हणून समजा.

लग्नाला अकरा वर्षं झाली. नलूने माझ्याकडे अशा नजरेने पहिल्यांदाच पाहिलं. झकास वाटलं.

शिवाय यातून पेपर होईल. पेपर झाला की रीडरची पोस्ट. पण तो मुद्दा दुय्यम.

संकल्प: (१) रोज साडेपाचला उठणे. (२) दर रविवारी स्वतः वाडीत जाणे. (३) १ डिसेंबरपासून सिगारेट बंद.

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ८.१०.

उठायला उशीर. पहिला दिवस धरायचा नसतो.

शनिवार, २२ नोव्हेंबर

धूळ मोजायचं यंत्र परदेशातून येतं आणि कॉलेजला ते मिळायला माझी नात रिटायर व्हावी लागेल. म्हणून स्वतः पद्धत काढली. बरणी. तोंड उघडं, खिडकीबाहेर ठेवायची. महिनाभर त्यात धूळ पडणार. महिन्याने ती ब्रशने कागदावर झाडून केमिस्ट्रीच्या लॅबमधल्या काट्यावर तोलायची. साधं आणि सुंदर.

वीस बरण्या वाडीत. वीस आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत, कारण इथे क्रशर नाही आणि तुलनेला स्वच्छ जागा लागते. शिवाय जिना उतरला की सॅम्पल.

दम मोजायला एका डॉक्टर मित्राकडून पीक फ्लो मीटर आणला. नळीत जोरात फुंकायचं, छातीत जितका दम तितका काटा पुढे सरकतो. मी फुंकलं. आकडा लिहीत नाही. मी सॅम्पलमध्ये नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

स्टाफरूममध्ये नंदकिशोरला योजना सांगितली. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, आणि तोंड आठ वर्षांनी मोठं. म्हणाला, सीपी, बरण्या सगळ्या एकसारख्या आहेत ना? नाहीत. पंचवीस हॉर्लिक्सच्या आहेत, पंधरा लोणच्याच्या. लोणच्याच्या जड आणि तोंडाला मोठ्या. दहिसरपर्यंत वाहून कोण नेणार? त्या सोसायटीत ठेवणार. तर म्हणे मोठ्या तोंडात जास्त धूळ पडेल.

पडू दे की यार. किती पडणार आहे!

रविवार, ३० नोव्हेंबर

ऐतिहासिक दिवस. वाडीत बरण्यांचं वाटप. सासूबाईंच्या ओटीवर सगळ्या बायका जमल्या. मी छोटंसं भाषण केलं. म्हटलं, या बरण्या म्हणजे शास्त्राची उपकरणं आहेत, फुटता कामा नयेत, हरवता कामा नयेत, आपल्या घरातल्या भांड्यासारख्या सांभाळा. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या मालनबाईंनी तर बरणी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. हॉर्लिक्सची बाटली कपाळाला! खेड्यातल्या माणसांना शास्त्राबद्दल जी श्रद्धा आहे ती आमच्या स्टाफरूममध्ये नाही.

धूळ पडू द्या, हे सांगायचं राहिलं. पण ते उघड आहे. बरणी उघडी दिली म्हणजे कशासाठी दिली?

मग फुंकण्याचा कार्यक्रम; सोसायटीत तो कालच उरकला होता. सासूबाईंनी जावयासमोर फुंकायला नकार दिला. शेवटी भिंतीकडे तोंड करून, पदराआडून, दिव्यावर फुंकर घालावी तशी फुंकल्या. साठ. नलूने मला बाहेर घालवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. दीडशे. दोन्हींची सरासरी घेतली, एकशे पाच.

नलू म्हणाली की आधीचं फुंकणं खरं नव्हतं. मी म्हटलं, शास्त्रात खरं-खोटं नसतं, निरीक्षण असतं.

सोमवार, १ डिसेंबर

सिगारेट बंद. दुपारी एक घेतली. संशोधनाचा ताण.

रविवार, ७ डिसेंबर

वाडीत जायचं होतं. सर्दी. तिथल्या धुळीने वाढली असती. निरीक्षकच आजारी पडला तर निरीक्षण कोण करणार?

रविवार, १४ डिसेंबर

सोसायटीची मीटिंग. वाडी पुढच्या रविवारी.

रविवार, २१ डिसेंबर

पुढच्या रविवारी नक्की. तसं पाहिलं तर सारखं जाऊन उपयोग नाही. आपण गेलो की माणसं वेगळी वागतात, हे पुस्तकात आहे. म्हणजे न जाणं हीच पद्धत झाली. संकल्प (२) रद्द.

रविवार, ४ जानेवारी १९८७

वाडीत गेलो. पहिला महिना पूर्ण. काय व्यवस्थित बाया आहेत! वीसच्या वीस बरण्या सासूबाईंच्या ओटीवर रांगेत हजर. एक फुटलेली नाही. आणि लख्ख! काचेतून पलीकडचा क्रशर दिसत होता. आमच्या सोसायटीतल्या बरण्यांची कोण दशा! देशपांड्यांच्या बरणीत विडीचं थोटूक, तिसऱ्या मजल्यावर कावळ्याचं पीस, एकीत पालीचं अंडं. सगळ्यांवर बोटभर मळ. शिकलेल्या लोकांना कदरच नाही.

नलू म्हणाली, अहो, यांत धूळ कुठाय?

मी हसलो. धूळ डोळ्यांना दिसायला लागली तर स्टॅटिस्टिक्सची गरजच काय?

सोमवार, ५ जानेवारी

लॅबमध्ये तोलमाप. पंखा चालू असला की काटा हलतो. बंद केला की मी हलतो. चालूच ठेवला. काटा दोन्हीकडे सारखाच हलतो, म्हणजे चुका आपापसात कटाप.

वाडीची सरासरी तीन मिलिग्रॅम. सोसायटी चाळीस.

उलटं आलं. पुन्हा तोललं. तेच.

पण खरी बातमी पुढेच! सात नंबरच्या बरणीच्या तळाशी चमचाभर पांढरे स्फटिक. चमकदार, टोकदार. दगडातला सिलिका! माणसांच्या फुप्फुसांत जातो तो हाच! कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवला. आता शिवदास शेठची वाट लागली.

सोमवार, ५ जानेवारी. संध्याकाळी ७.

नलूने पुडी उघडली, बोट बुडवलं, चाखलं. साखर.

सात नंबर मालनबाईंची. दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं परत करायचं, म्हणून चिमूट टाकली असणार, असं नलू म्हणते. वहीत लिहिलं: निरीक्षण क्रमांक ७, अपवाद, वगळले.

नलूने पुडी पुन्हा बांधली. म्हणाली, साखर टाकली त्याअर्थी आधी बरणी धुतली असेल ना. मी म्हटलं, एका बरणीने सरासरीला काय होतं.

मंगळवार, ६ जानेवारी

नंदकिशोरला आकडे दाखवले. तो हसला नाही, याचं जास्त वाईट वाटलं. त्याचं म्हणणं असं: चुका एकमेकींना कटाप करतात हे सरासरीपुरतं ठीक आहे. पण तू धुळीचा आणि दमाचा संबंध शोधतोयस. धूळच चुकीची मोजलीस, तर चूक इकडची तिकडे जात नाही, ती संबंध पुसत जाते. खरा उतार असला तरी कागदावर सपाट दिसतो. बरण्या वाढव, वर्षभर ठेव, सपाटच दिसणार. आणि चूक जर धुळीच्या हिशोबाने होत असेल, म्हणजे जिथे धूळ जास्त तिथे जास्त, तर उतार उलटाही होईल. एक दिवस वाडीत जाऊन नुसता बसून राहा, बरण्यांचं काय होतं ते बघ.

हे सगळं पुस्तकी आहे. मी त्याला म्हटलं, तू फील्डवर गेलायस कधी? तो म्हणाला, तू?

उद्धट.

गुरुवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. आज कॉलेज. डोकं दुखतंय. साडेपाचला उठण्याचा संकल्प उन्हाळ्यापासून.

रविवार, १ फेब्रुवारी

दुसरा महिना. हळदीकुंकवाचे दिवस चालू आहेत. वीस बरण्या, वीसही लख्ख, आणि वीसही बरण्यांत तिळगूळ. एकीत लाडू, बाकीच्यांत वड्या. मालनबाईंनी बरणीच्या गळ्याला लाल दोरासुद्धा बांधला होता.

क्षणभर गांगरलो. मग नीट विचार केला. धूळ काढून तिळगूळ घातला हे मान्य. पण सगळ्यांनी सारखंच केलंय. चूक सगळीकडे सारखी असली की तुलनेला धक्का लागत नाही.

(सोसायटीत कुणी घातला नाही. ते लोक तसेच.)

तळाला जे काही उरलं होतं ते तोललं. वाडी दोन मिलिग्रॅम, तिळगूळ वजा जाता. तिळगुळाचं पृथक्करण घरी केलं. उत्तम होता.

सासूबाई आज बसल्याजागी खोकत होत्या. बोलायला लागल्या की खोकला, गिळायला लागल्या की खोकला. नलूने पाठीवर हात फिरवत मला विचारलं, मार्चपर्यंत होईल ना हो? तिला म्हटलं, काळजी करू नकोस, आकडे जमतायत.

बुधवार, ११ फेब्रुवारी. पहाटे ५.३०.

उठलो! कारण कल्पना सुचली.

वाडीत धूळ कमी, दम कमी. सोसायटीत धूळ जास्त, दम जास्त. दोन महिने, चाळीस बरण्या, तोच निकाल. हा योगायोग असू शकत नाही. कदाचित आपण आजवर उलटा विचार करत होतो. थोडी धूळ फुप्फुसाला तालीम देत असेल! व्यायामशाळेत वजनं उचलतात तसं. ही कल्पना जगात कुणाला सुचलेली दिसत नाही.

पुन्हा झोपलो. नऊला उठलो.

रविवार, १ मार्च

तिसरा महिना. या वेळी साखर, तांदूळ, एका बरणीत दोन सुके बोंबील. वाडी तीन मिलिग्रॅम. सोसायटी पंचेचाळीस. उतार सरळ रेषेत वर चाललाय. इतकी स्वच्छ रेषा आयुष्यात काढली नव्हती.

गुरुवार, १२ मार्च

रिपोर्ट टाइप करून घेतला. सोळा पानं, चार आलेख. नलूने वाचला. शेवटचं पान दोनदा वाचलं. तिथे लिहिलंय की उपलब्ध निरीक्षणांवरून भैरववाडीत धुळीचं प्रमाण निवासी वस्तीपेक्षा कमी आढळतं.

ती म्हणाली, तुम्ही आईच्या घरात कधी बसलायत? भाकरी खाताना दाताखाली कचकच येते ती काय आहे?

तिला समजावलं. कचकच हे निरीक्षण नव्हे, ती भावना झाली. आणि शास्त्राला सासर-माहेर नसतं. मी आकडे बदलले तर माझ्यात आणि शिवदास शेठमध्ये फरक काय राहिला?

तिने रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि आत गेली. बोलत नाहीये. रिपोर्ट पोस्ट केला. सिगारेट पाच.

रविवार, १५ मार्च

नलू अजून बोलत नाही. कामापुरतं बोलते. मीठ द्या, पाणी गेलं, इतपत. वाटलं, सुनावणीत मी उभा राहून बारकावे समजावले की तिचंही मत बदलेल. कमिटीला प्रश्न पडतीलच की धूळ कमी तर दम कमी का. तेव्हा मी म्हणणार, अधिक संशोधनाची गरज आहे. तोवर क्रशर बंद ठेवा. सगळं नीट होईल. भाषणाचे मुद्दे काढायचे आहेत. उद्या.

सोमवार, २३ मार्च. सुनावणी.

मुद्दे काढायचे राहिले. सगळं क्रमाने लिहितो.

हॉल भरलेला. एका बाजूला वाडीतल्या बायका, सासूबाई मधोमध. दुसऱ्या बाजूला शिवदास शेठ आणि त्यांचा वकील. वकिलाच्या हातात माझा रिपोर्ट, तांबड्या शाईने रेघा मारलेला. मला बरं वाटलं, निदान कुणी तरी एवढा वाचला.

वकिलाने माझं नाव फार आदराने घेतलं. प्राध्यापक चंद्रप्रकाश हे वाडीनेच नेमलेले तज्ज्ञ, त्यातून वाडीचे जावई, म्हणजे आमच्या बाजूचे म्हणता येणार नाहीत. त्यांचाच निष्कर्ष असा, की क्रशरशेजारी धूळ बोरिवलीच्या सोसायटीच्या पंधरावा हिस्साच आहे. शेठनी मान हलवून मला नमस्कार केला. मीही केला. सवयीने.

अध्यक्षांना शंका आली. त्यांनी विचारलं की बरण्या सांभाळल्या कुणी. मालनबाई उभ्या राहिल्या. इतक्या लोकांसमोर कधी बोलल्या नसाव्यात, पण आवाज खणखणीत.

"आम्ही सांभाळल्या, साहेब. सरांनी सांगितलेलं, घरातल्या भांड्यासारख्या. रोज सकाळी राखेने घासायचो आणि संध्याकाळी क्रशर थांबला की परत घासायचो. दोनदा नाही घासली तर सकाळी आत बोट उठायचं, एवढी धूळ बसायची. दुसऱ्याची वस्तू ती, तशी कशी ठेवणार?"

हॉलमध्ये हशा पिकला. अध्यक्षही हसले. शेठ हसले. वाडीतल्या बायका हसल्या नाहीत. काय चुकलं ते त्यांना कळेना. मालनबाई उभ्याच राहिल्या, माझ्याकडे बघत, मी काही तरी बोलीन म्हणून.

मी उठलो. म्हटलं, अधिक संशोधनाची गरज आहे. मग बसलो.

अध्यक्ष म्हणाले, बाईंनी सांगितलं ते ठीक आहे, पण बोट हे काही माप नव्हे. कागदावर माप एकच आहे आणि ते क्रशरच्या बाजूने आहे. लायसन तीन वर्षांसाठी पुढे.

सोमवार, २३ मार्च. संध्याकाळी.

वाटलं होतं बायका शिव्या घालतील. त्या तयारीत होतो. बाहेर आल्यावर मालनबाई जवळ आल्या, बरोबर चार-पाच जणी. मालनबाई रडत होत्या. म्हणाल्या, सर, आमच्यामुळे तुमची परीक्षा बुडाली. आम्हाला सांगितलं असतंत तर हात लावला नसता.

नलू सासूबाईंना रिक्षात बसवून त्यांच्याबरोबर दहिसरला गेली. मी घरी आलो. खिडकीत सोसायटीतली आमची बरणी अजून आहे, तळाला तो काळा थर. मी तिला चार महिन्यांत एकदाही पाणी लावलेलं नाही. लाज वाटली, आणि या वेळी वहीत लिहायला सबब सापडत नाही.

बुधवार, २५ मार्च

नंदकिशोरने सांगितलं ते मला पाठ आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये तेच शिकवतो. आज त्याने नुसता चहा मागवला.

रविवार, २९ मार्च. भैरववाडी, सकाळी ९.

नलू अजून इथेच आहे. तिने दार उघडलं, बसा म्हणाली, पाणी भरायला गेली. मी सासूबाईंसमोर पाटावर बसलोय. क्रशर चालू आहे. रविवारीसुद्धा चालतो, हे चार रविवार इथे येऊनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. वहीच्या पानावर पाच मिनिटांत बोट फिरवलं तर रेघ उमटते.

आज बरणी नाही, मीटर नाही. फक्त ऐकायचं आणि खोकल्यामागे एक रेघ ओढायची, एवढंच ठरवलंय.

९ ते ९.३०: एकतीस.

९.३० ला त्यांनी विचारलं, एवढं काय लिहिताय. मी सांगितलं, तुमचा खोकला मोजतोय. त्या कानकोंड्या झाल्या. "मोजतास काय? मग आधी सांगूचा. मी दाबून धरतंय."

नको म्हटलं. त्यांनी पदर तोंडात धरला. डोळ्यांत पाणी आलं, मानेच्या शिरा वर आल्या, छाती आतल्या आत उडत होती. पण आवाज नाही.

९.३० ते १०: चार.

वही मिटली, पेन खिशात ठेवलं, त्यांना दिसेल असं. म्हटलं, मोजणं संपलं, आता खोकलात तरी चालेल. त्यांनी पदर तसाच धरून नुसती मान हलवली, आणि हाताने मला चहा घ्या म्हणून खूण केली.